घाटात तापणारी पिकअप आणि आळेफाट्याचे गॅरेज

आमच्या घरी 2008 सालची एक डिझेल पिकअप आहे. ओतूर परिसरातला टोमॅटो आणि कांदा आम्ही तिच्यातून वाशीच्या बाजार समितीत नेतो आणि परतताना कल्याण-भिवंडीकडचे जे भाडे मिळेल ते भरून माळशेज घाटाने वर येतो. गेली दोन वर्षे ही गाडी घाट चढताना तापत होती. या काळात तीन ठिकाणी तिच्यावर खर्च केला, पण दुखणे हटले नाही. अखेर आळेफाट्याजवळ, पुणे-नाशिक महामार्गापासून थोडे आत, पत्र्याच्या शेडमध्ये असलेल्या एका गॅरेजात तिचा आजार सापडला. शेडवर नावाची पाटी नाही. तिथल्या साठीच्या घरातल्या मिस्त्रींना सगळे 'चाचा' म्हणतात. त्यांनी काम कसे केले ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण जुनी गाडी वापरणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांचे पैसे याच एका तक्रारीवर जातात.

तक्रारीचे स्वरूप आधी सांगतो. कल्याणपासून मुरबाडपर्यंत सपाट रस्त्यावर टेम्परेचरचा काटा खालीच असायचा. टोकावडे, मोरोशी मागे टाकून खरा चढ सुरू झाला आणि गाडी दुसऱ्या गिअरवर आली, की पाच-सात मिनिटांत काटा लाल पट्टीकडे सरकू लागायचा. पहिल्या उन्हाळ्यात हे भरल्या गाडीलाच व्हायचे. नंतर रिकामे क्रेट घेऊन येतानाही होऊ लागले. गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद न करता, काटा उतरेपर्यंत थांबणे हा आमच्या फेरीचा भागच झाला होता. अशाच एका थांब्यावर माझ्या धाकट्या भावाने घाई केली आणि फडक्याने धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. उसळलेल्या पाण्याने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असल्यामुळे 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच दाब सुटतो आणि त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होऊन सगळे बाहेर फेकले जाते. हे मला माहीत होते, त्याला सांगितलेले नव्हते, आणि याची खंत मला आजही आहे.

त्याआधी झालेली कामे अशी. पहिल्या ठिकाणी वॉटर पंप बदलला. दुसऱ्या ठिकाणी 'आपल्याकडे थंडी असते कुठे' असे सांगून थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे पाणी तापले की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकला आणि त्याचे घर नुसतेच बंद करून दिले. तिसऱ्या ठिकाणी, गाडी सुरूही न करता, हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील, गेले आहे असे सांगण्यात आले. हेड उतरवणे, त्याचा तळ घासून सपाट करणे (फेसिंग) आणि नवे गॅसकेट धरून 32,000 रुपयांचा अंदाज हातात ठेवला. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करायचा की ती विकून टाकायची, या विचारात असताना गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याने आळेफाट्याचे नाव सुचवले.

चाचांनी बॉनेटला हात लावण्याआधी मला समोरच्या बाकावर बसवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. ''दादा, आधी सांगा, गाडी कुठे तापते? हायवेला पळताना, का चढाला? का एका जागी उभी असताना?'' मी घाटाचे सांगितले. ''पाणी किती दिवसांनी टाकता? कुठलं टाकता?'' आठवड्यातून एकदा, साधारण लिटरभर, घरच्या बोअरचे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, ''घरी बंबाला आतून पांढरा थर बसतो का?'' बसतो, आणि चांगला जाड बसतो. मग त्यांनी विचारलेला प्रश्न तोपर्यंत मला कुणीच विचारला नव्हता. ''सकाळी गाडी काढल्यावर काटा जागेवर यायला किती वेळ लागतो?'' मी आठवून सांगितले, की ओतूरहून निघून घाटाच्या माथ्यापर्यंत गेले तरी काटा अर्ध्यावर येत नाही, आणि डिझेलचा ॲव्हरेजही पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. ते म्हणाले, ''मग गाडीला दोन आजार आहेत. एक गरमीचा, एक थंडीचा.''

गाडी तासभर तिथे उभी ठेवून थंड होऊ दिली आणि मगच त्यांनी काम सुरू केले. इंजिन चालू करून त्यांनी रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर माझा हात ठेवायला लावला. पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. थर्मोस्टॅट जागेवर असता, तर इंजिनातले पाणी तापून वॉल उघडेपर्यंत हा पाइप जवळजवळ गार राहिला असता आणि नंतर एकदम गरम झाला असता. म्हणजे वॉल नाही, हे त्यांनी एकही बोल्ट न उघडता ओळखले. मी तोपर्यंत वॉल काढल्याचे त्यांना सांगितलेच नव्हते, कारण मला त्याचे महत्त्व वाटले नव्हते.

वॉल काढला तर इंजिन अधिक थंड राहील, हा समज आपल्या भागात इतका पक्का आहे, की मीही तो मानत होतो. चाचांनी भिंतीवर खडूने आकृती काढून तो दूर केला. आमच्या इंजिनात पाण्याला दोन वाटा आहेत. एक रेडिएटरमधून जाते आणि दुसरी, बायपासची, पंपाकडे परस्पर वळते. थंड इंजिनात वॉल रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि बायपास मोकळा ठेवतो. इंजिन तापले की तोच वॉल उघडतो, आणि उघडता उघडता त्याची खालची तबकडी बायपासचे तोंड बंद करते, त्यामुळे सगळे पाणी रेडिएटरमधून जाणे भाग पडते. वॉलच काढून टाकला तर बायपासचे तोंड बंद करणारे कुणी उरत नाही. मग गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरत राहतो. सपाटीवर उष्णता कमी असते म्हणून इंजिन गरजेपेक्षा थंड राहते आणि डिझेल जास्त पिते, तर घाटात उष्णता वाढते तेव्हा रेडिएटरची पूर्ण ताकद मिळत नाही आणि काटा वर जातो. रिकाम्या क्रेटांनीही गाडी का तापू लागली याचे उत्तर मला त्या आकृतीत मिळाले. ज्या कामासाठी मी मजुरी मोजली होती, त्याच कामाने दुखणे वाढवले होते.

यानंतर हेड गॅसकेटचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. इंजिन ऑइलची काठी पुसून पाहिली. तेल दुधाळ झालेले नव्हते. पांढरा धूर नव्हता. थंड इंजिन सुरू करताच वरचा पाइप दगडासारखा कडक होत नव्हता. एवढ्यावर विश्वास न ठेवता त्यांनी कपाटातून एक पारदर्शक नळी काढली. तिच्यात निळे द्रावण भरले, नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवली आणि चालू इंजिनावर वरचा रबरी फुगा दाबत पाण्यावरची हवा त्या द्रावणातून खेचत राहिले. गॅसकेटमधून जळलेला वायू पाण्यात येत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावणाचा रंग बदलतो. दहा मिनिटे झाली तरी रंग निळाच राहिला. मला वाटले, चाचणी संपली. पण त्यांनी तीच नळी सायलेन्सरच्या धुराजवळ नेली, फुगा पुन्हा दाबला, आणि माझ्या डोळ्यांदेखत निळ्याचे हिरवट झाले. द्रावण शिळे नाही, म्हणजे मघाचे उत्तरही खरे, हे त्यांनी गिऱ्हाइकासमोर सिद्ध केले. 32,000 रुपयांचा प्रश्न असा पंधरा मिनिटांत मिटला. मी एवढ्या वर्षांत अनेक मिस्त्री पाहिले, पण स्वतःच्या तपासणीचीच तपासणी करणारा हा पहिला.

झाकणाची तपासणीही तेवढीच बोलकी होती. आमच्या झाकणावर 0.9 असा आकडा छापलेला आहे. तितका बार दाब ते धरून ठेवते आणि त्याच्या वर गेला तरच सोडते, असा त्याचा अर्थ. दाब तपासायच्या हातपंपावर लावून पाहिले, तर ते निम्म्याच्याही आत सोडू लागले. समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवरच्या आमच्या पठारावर उघड्या भांड्यातले पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते, पण 0.9 बारचा दाब असेल तर तेच पाणी 117-118 अंशांपर्यंत टिकते. झाकणाची स्प्रिंग थकली की हे अंतर निम्म्यावर येते, पाणी लवकर उकळते, बाहेर फेकले जाते, आणि मग मालक बोअरचे पाणी टाकत राहतो. त्याच पंपाने थंड इंजिनावर दाब देऊन ठेवला, तेव्हा खालच्या होज पाइपच्या क्लिपपाशी थेंब जमताना दिसले. तो पाइप हाताला मऊ आणि फुगीरही लागत होता. पंप त्या बाजूने पाणी ओढत असल्यामुळे असा पाइप जास्त आरपीएमला आत चिकटू शकतो, म्हणून तो बदलायचे ठरले.

मुख्य दोष मात्र पंख्यात निघाला. आमच्या गाडीचा पंखा इंजिनाच्या बेल्टवर फिरतो आणि त्याच्या मधोमध व्हिस्कस क्लच असतो. क्लचमध्ये सिलिकॉन तेल असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की समोरची पट्टी वळते, तेल आतल्या चकतीत शिरते, आणि पंख्याला इंजिनाची पकड मिळून तो जोराने फिरू लागतो. इंजिन चांगले गरम झाल्यावर चाचांनी ते बंद केले, चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि मगच पंख्याचे पाते बोटाने ढकलले. पाते सैल गिरकी घेऊन चार-पाच फेरे फिरले. गरम असताना त्याने हाताला अडायला हवे होते. क्लचच्या पुढच्या तोंडावर धूळ चिकटलेला तेलाचा काळा ओघळही होता. महामार्गावर वाऱ्याचा झोत स्वतःच रेडिएटर गार करतो, म्हणून तिथे हा दोष झाकला जातो. दुसऱ्या गिअरवर, ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या चालीने घाट चढताना सगळा भार पंख्यावर येतो, आणि आमचा पंखा तर नुसता हवेबरोबर फिरत होता.

रेडिएटरवर त्यांनी तापमान मोजण्याची गन फिरवली. वरच्या बाजूला 90 च्या पुढे आणि खाली उतरत्या क्रमाने, असे आकडे यायला हवेत. पण उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात एकदम 50 च्या आसपास आकडा आला, म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणीच फिरत नव्हते. बोअरच्या पाण्याचा क्षार तिथे बसला होता. समोरची जाळी काढली तेव्हा फिन्सवर, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर, कांद्याच्या टरफलांचा आणि मातीचा असा थर निघाला, की बोटाने ओढला तर गालिच्यासारखा सुटत होता. आमचाच माल, आमच्याच गाडीच्या नाकात बसलेला. वर्षातून दोनदा मागच्या बाजूने, हलक्या धारेने पाणी मारले असते तर हे झालेच नसते.

आमचा रेडिएटर जुन्या पद्धतीचा, तांबे-पितळेचा आहे, त्यामुळे टाकी खोलून नळ्यांत सळई मारणे शक्य होते. प्लॅस्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर असता तर बदलावाच लागला असता, असे चाचांनी सांगितले. ते काम शेजारच्या रेडिएटरवाल्याकडे दीड दिवसात झाले.

नव्या थर्मोस्टॅटची गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा अभिप्राय पूर्ण वाटणार नाही. दुकानातून आणलेला वॉल त्यांनी तसाच बसवला नाही. स्टोव्हवर ॲल्युमिनियमचे पातेले ठेवले, वॉल हाताने किंचित उघडून त्याच्या फटीत शिवणकामाचा पांढरा दोरा अडकवला, आणि दोऱ्याला टांगून वॉल पाण्यात सोडला. शेजारी थर्मामीटर. वॉलवर 82 हा आकडा कोरलेला होता, म्हणजे 82 अंशांना तो उघडू लागला पाहिजे आणि उघडताच दोऱ्यावरची पकड सुटून तो पातेल्यात खाली पडला पाहिजे. पारा 85 झाला, 88 झाला, तरी वॉल लटकलेलाच. 91 वर तो पडला. चाचांनी काही न बोलता मुलाला दुकानात पाठवून दुसरा वॉल मागवला. तो 82 आणि 83 च्या मध्ये पडला आणि 95 पर्यंत पूर्ण उघडला. तोच बसवला गेला, त्याची हवा सोडणारी बारीक पिन वरच्या बाजूला ठेवून, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघून जाईल. साडेसातशे रुपयांच्या वस्तूसाठी त्यांनी पाऊण तास दिला.

कूलंट भरताना गाडीचे तोंड उताराच्या वरच्या बाजूला करून उभी केली, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि वॉल उघडेपर्यंत बुडबुडे येऊ दिले. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे निम्मे मिसळले होते. बोअरचे पाणी यापुढे अडचणीच्या वेळीच, आणि टाकले तर घरी आल्यावर सगळे काढून नवे भरायचे, अशी त्यांनी मला ताकीद दिली.

खर्च असा झाला. फॅन क्लच 4,200, थर्मोस्टॅट आणि त्याचे गॅसकेट 750, झाकण 250, खालचा होज पाइप आणि क्लिप 480, कूलंट 1,400, रेडिएटरचे काम 1,500 आणि मजुरी 2,500, एकूण 11,080 रुपये. काढलेले सगळे जुने भाग त्यांनी एका गोणपाटात बांधून माझ्या हाती दिले. मजुरी मला मुळीच जास्त वाटली नाही. खरे तर तपासणीसाठी त्यांनी वेगळे पैसे घ्यायला हवेत, कारण माझे 20,000 रुपये वाचले ते तपासणीमुळे, पान्ह्यामुळे नव्हे.

काही उणिवाही नोंदवतो, म्हणजे जाणाऱ्याची गैरसोय होणार नाही. काम तीन दिवसांत होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात पाच दिवस लागले, आणि टोमॅटोचा तोडा चालू असताना दोन दिवस म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचे भाडे. छापील बिल मिळत नाही. वहीच्या कागदावर लिहून देतात, त्यामुळे ज्यांना हिशेबासाठी जीएसटीचे बिल लागते त्यांनी सुटे भाग स्वतः आणून द्यावेत. चाचा एका वेळी एकाच इंजिनाकडे बघतात आणि फोन उचलत नाहीत. शेडमध्ये उजेड कमी आहे. अलीकडच्या, संगणकावर लावून बघाव्या लागणाऱ्या गाड्या ते घेत नाहीत आणि तसे सरळ सांगतात.

गाडी ताब्यात देताना ते म्हणाले, ''रिकामी फेरी मारून बघू नका. भरून चढवा, मग मला सांगा.'' मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनच्या उन्हात, भिवंडीहून फरशीच्या पेट्या भरून आम्ही घाटाला लागलो. वजन सुमारे 1,100 किलो होते. भाऊ शेजारी बसला होता आणि त्याची नजर रस्त्यावर नव्हती, काट्यावर होती. पहिल्या मोठ्या वळणानंतर काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि माझा पाय नकळत सैल झाला. तेवढ्यात बॉनेटखालून घरघरणारा, भरलेला आवाज सुरू झाला. क्षणभर काहीतरी बिघडले असे वाटले. मग लक्षात आले, की हा पंख्याचा आवाज आहे. क्लचने पकड घेतली होती. दोन वर्षांत तो आवाज आम्ही ऐकलाच नव्हता, म्हणून ओळखू आला नाही. दोन-तीन मिनिटांत काटा मध्यावर परत आला, आवाज विरला, पुढच्या चढाला पुन्हा आला. माथ्यापर्यंत आम्ही कुठेही थांबलो नाही. त्यानंतर अशा नऊ फेऱ्या झाल्या आहेत. टाकीतली कूलंटची पातळी खुणेवर आहे, आणि सकाळी ओतूर सोडून दहा मिनिटे झाली की काटा आपल्या जागी येऊन उभा राहतो.

गॅरेज सकाळी नऊला उघडते आणि शुक्रवारी दुपारी बंद असते. तापण्याची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन तिथेच उभी करावी, कारण चाचा थंड इंजिनापासूनच सुरुवात करतात. आणि आधी कुणी काय काढले, काय बदलले, हे सगळे त्यांना न विसरता सांगावे.